मागं मोकळं?

म्हातारीने जन्मभर उलट्या पावलांनी चालून पोट भरलं. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण दोर वळणाऱ्याचं चालणं तसंच असतं. कमरेला वाखाचा भारा गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं, एकाने चाक फिरवत बसायचं आणि दुसऱ्याने बोटांतून वाख सोडत मागे मागे सरकत जायचं. जितकं मागे जाल तितका दोर लांब. पुढे पाऊल टाकलंत की धागा सैल पडला, त्याला गाठी बसल्या आणि सगळ्या मेहनतीचं मातेरं झालं.

वाख म्हणजे घायपाताची पानं कुजवून, ठेचून, विंचरून काढलेला धागा. घरामागच्या डबक्यात पानं कुजत पडलेली असायची. आलेली पाहुणी त्या वासाने नाकाला पदर लावायची, तर आजी म्हणायची, "बस गं बाई, वासाने कुणी मेलं नाही. भुकेने मेलेले मात्र मी पाहिलेत." आणि त्या पाहुणीला जेवल्याशिवाय उठू द्यायची नाही.

चाकावर बसायची नात. लहानपणी ही सारखी आजीच्या मागे, म्हणून गावाने नाव ठेवलं शेपटी, आणि आता चांगली घोड्यासारखी वाढली तरी ते नाव काही सुटलं नाही. आई तिला आठवत नव्हती. बाप होता, पण वाखाची धूळ बसून बसून त्याच्या छातीचा भाता झाला होता. तो सावलीला बसून वाख विंचरायचा आणि खोकायचा. चालणं आजीचं, चाक नातीचं, अशी वाटणी होती.

कामाच्या दोन हाका ठरलेल्या. मागे जाणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणून निघायच्या आधी आजी विचारायची, "मागं मोकळं?" चाकावरून शेपटीने वाट नजरेखालून घालायची, कुणाचं वासरू, कुणाची सायकल, काही आडवं नाही ना बघायचं आणि ओरडायचं, "मोकळं!" मग चाक सुरू. आजी पार टोकाला गेली की तिकडून हाक यायची, "पोचले!" मग चाक बंद. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं. पहिल्या पहिल्यांदा पोर बघून ओरडायची. मग सवयच झाली. कुणी झोपेत विचारलं असतं तरी तिने "मोकळं" म्हटलं असतं.

आजी इथली नव्हे. नदीच्या पल्याड डोंगर, डोंगराच्या पल्याड दुसरा मुलूख, तिथली. तिच्या तरुणपणी तिकडे माणसं माणसांची घरं जाळत सुटली होती, एवढंच ती सांगायची. त्याहून खोदून विचारलं की म्हणायची, "चाक फिरव." नवऱ्यासोबत ती नदी ओलांडून आली तेव्हा नावेतली सगळी माणसं या काठाकडे तोंड करून उभी होती आणि ही एकटी त्या काठाकडे. नवरा म्हणाला, "अगं, इकडे बघ, इकडे जायचंय." ही म्हणाली, "इकडे आता रोजच बघायचंय. तिकडचं दिसतंय तोवर बघू दे."

गावाने तिला पल्याडची म्हटलं. पाणी भरायला गेली तर सगळ्यांचं भरून होईपर्यंत हिने उभं राहायचं. भाषा ती बाजारात शिकली, त्यामुळे घासाघीस आधी यायला लागली आणि गोड बोलणं मागून. बाया तोंडावर हसायच्या. हीही त्यांच्यात मिसळून हसायची आणि घरी येऊन एकटी तेच शब्द घोकायची. दुसऱ्या वर्षी नवरा तापाने गेला. कडेला रांगतं पोर. लोक म्हणाले, आता ही जाईल आल्या वाटेने. ही गेली नाही. पोराच्या कमरेला दोर बांधून तिने तो चाकाच्या खांबाला अडकवला, चाक फिरवायला एक म्हातारी शेजारीण गाठली, आणि वाख कमरेला गुंडाळला. "दुसरं कुठलंही काम धरलं असतं तर पोराकडे पाठ करावी लागली असती," ती सांगायची. "हे एकच काम असं, की जायचं लांब पण तोंड पोराकडे." आधी लेक तिच्याकडे बघत वाढला, मग नात. शेपटीला आजी आठवायची ती अशीच, लहान लहान होत जाणारी, पण तोंड आपल्याकडे आणि तोंडात दात असोत-नसोत, हसणारी.

आणि तिचा दोर! तिकडच्या पद्धतीने ती पीळ उलटा द्यायची, इथल्यांच्या बरोबर विरुद्ध. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. मग बघितलं, हिचा दोर तुटतच नाही. म्हातारी कुणाशी हुज्जत घालायला लागली की टपरीवरची माणसं म्हणायची, "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, आणि त्यात हिचा उलटा!" ती तिकडून ओरडायची, "जाळून तर बघ मेल्या!"

नदीवर नाव होती ती आडव्या बांधलेल्या दोराला धरून ये-जा करायची. तो दोर दर पावसाळ्याआधी बदलावा लागे आणि तो अख्खा लागे. जोड असला की कप्पी तिथे अडकणार आणि पुराच्या पाण्यात नाव आडवी होणार. दोर वळताना पीळ लांबी खातो, चांगला तिसरा हिस्सा खातो. म्हणजे नदीच्या रुंदीचा दोर हवा तर वाट नदीहून दीडपट लांब हवी. एवढी लांब सरळ वाट गावात एकच होती, घराच्या पडवीपासून निघून बागेच्या कडेकडेने पार जुन्या झाडापर्यंत गेलेली. दोन माणसं समोरासमोर आली तर अंग चोरून जातील एवढीच रुंद. जमीन बागेच्या मालकाची. आजीने पदर सावरून विचारलं होतं तेव्हा थोरला मालक म्हणाला होता, "चाल की बाई. चालून काय जमीन झिजते?" त्या एका वाक्यावर तिघांची पोटं चालली होती.

यंदा थंडीत थोरला मालक गेला.

त्याचा मुलगा, धाकटा मालक, शहरातून आला तो माप घेणारी माणसं घेऊनच. वाटेच्या मधोमध लाल रंगाचे खुंट ठोकले गेले. आजीच्या नजरेला आता लांबचं दिसत नव्हतं, ऐकूही कमी यायचं, पण पायाला खुंट लागला तसं तिने विचारलं, "हा कुणाच्या लग्नाचा मांडव?" शेपटीने सांगितलं, गोदाम होणार म्हणतात.

दोघी मालकाच्या घरी गेल्या. ओसरीला नवी गुळगुळीत फरशी बसवलेली. आजीने चपला पार फाटकाशी काढल्या, तरी पायाला चिकटलेल्या वाखाचे तुकडे फरशीवर उमटलेच. आतून एक बाई फडकं घेऊन आली आणि त्या उभ्या असतानाच मागून पुसत राहिली. शेपटीची कानशिलं तापली. धाकट्या मालकाने खुर्ची पुढे केली. आजी पायरीवरच बसली. "नको रे पोरा, माझ्या लुगड्याला डबक्याचा वास आहे."

"आजी, तुम्हाला उठवायचं माझ्या मनात नाही हो," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. बोलताना त्याची नजर सारखी हातातल्या फोनकडे जात होती. "पण भागीदार आहेत, बांधकाम ठरलंय. माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"नदीचा दोर तेवढा होऊ दे," आजी म्हणाली. "नावाडी थांबलाय. मग घाल तुझं गोदाम."

त्याने फोन खिशात टाकला. "ठीक आहे. दोर होईपर्यंत वाटेला हात लागणार नाही."

"तुझ्या बापाचा शब्द मी जन्मभर पुरवून खाल्ला," आजी उठत म्हणाली. "तुझा पावसापर्यंत पुरला तरी गंगेत घोडं न्हालं."

आणि काम सुरू झालं. उन्हं अशी, की वाटेची माती तव्यासारखी तापलेली. पहाटे उजाडता उजाडता धरायचं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत, पुन्हा सावल्या लांबल्या की अंधार पडेपर्यंत. वाख ओला ठेवायला शेपटी हंड्यांवर हंडे आणायची. आजीच्या बोटांना भेगा पडल्या, भेगांत वाखाचं कुसळ गेलं की ती नुसती जीभ चावायची. रात्री शेपटी तिच्या बोटांना तेल चोळायची तेव्हा कमरेवर भाऱ्याचा काळा पट्टा दिसायचा, जुनाच, कातडीचाच झालेला. बाप विंचरून विंचरून खोकायचा, खोकून खोकून विंचरायचा.

"आई, तू बस," तो म्हणायचा. "मी चालतो."

"तू चाललास तर दोरात धाग्यापेक्षा खोकला जास्त जाईल," आजी म्हणायची.

नावाडी येऊन बघून गेला. बिचारा उभ्या उभ्या टोपी हातात फिरवत राहिला. "आजी, जुना दोर पार केसाळलाय. वरती पाऊस झाला तर मला थांबता येणार नाही. बाजारात नायलॉनचा मिळतो म्हणतात."

"मिळतो ना. घे की," आजी म्हणाली. "पण हाताला कापतो तो. तुझ्या हाताला काय, तुझ्या बापाने मला नावेतून इकडे आणलं तेव्हापासून त्या घरच्या हातांना माझाच दोर माहीत आहे. आठवडाभर थांब, बाबा."

असं करत करत तीन पेडी दोराचे दोन पेड झाले. तिसऱ्या पेडाचे थोडेच धागे राहिले. तयार धागे वाटेच्या कडेला खुंट्यांवरून ताणून ठेवलेले, वाऱ्याने हलायचे. आजी येता-जाता त्यांवरून हात फिरवायची, अंगणात गाय बांधलेली असल्यासारखा.

त्या दुपारी आजी आडवी झाली होती. शेपटी पाणी घेऊन आली तर वाटेवर टेम्पो उभा. सिमेंटचे खांब उतरत होते. कुंपण घालणारा तारवाला आणि त्याचे गडी वाटेच्या मधोमध खड्डे घेत होते, लाल खुंटांच्या रेषेत.

"अहो, थांबा! मालकांनी शब्द दिलाय आम्हाला."

"मला आजचंच सांगितलंय ताई," तारवाला म्हणाला. "उद्या मी दुसऱ्या गावाला."

"फोन करा त्यांना."

त्याने केला. लागला नाही. पुन्हा केला. बाप धापा टाकत आला, काही बोलायला गेला आणि खोकल्याची अशी उबळ आली की खांबालाच धरून उभा राहिला. गडी तोंड फिरवून काम करत राहिले. तारवाल्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्याने ताणलेले धागे एक एक करून हळूच उचलले आणि नीट गुंडाळून आपल्या हाताने घराच्या बाजूला ठेवले. पण तार वाटेला आडवी घातलीच. काट्यांची, कमरेला एक ओळ आणि छातीला एक. वाटेचे दोन तुकडे झाले. या बाजूला उरला तो तुकडा विहिरीच्या दोरालाही जेमतेम पुरला असता.

शेपटी गावच्या कारभाऱ्याकडे धावली. तो हिशेब करावा तसा विचार करून म्हणाला, "पोरी, तोंडचा शब्द हा वाऱ्यावर. त्याची जमीन, त्याची तार. मी काय करू सांग?" त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

संध्याकाळी बापलेक वाख विंचरायच्या जागी खाली मान घालून बसले. वाख भिजायचाय सांगून बापाने आजीला वाटेवर येऊ दिलं नव्हतं; आत ती चूल फुंकत गुणगुणत होती.

"मी पहाटेच्या गाडीने शहरात जातो," बाप म्हणाला. "मालकाला गाठतो. शब्द दिलाय, काढेलही तार. मी येईपर्यंत तिला काही सांगू नको. सकाळी काम नाही म्हण. चाक बिघडलंय म्हण."

चाक बिघडलंय. एवढंच म्हणायचं होतं.

सकाळी शेपटी उठली तर आजी कमरेला वाख गुंडाळून चाकाशी उभी. टोक आकड्यात अडकवलेलं. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं, स्वारी एकदम खुशीत. "किती झोपतेस गं घोडे! आज संपवू. उद्या नावाड्याला म्हणावं, ये रे बाबा, तुझी नवरी तयार आहे. बाप कुठे गेला तुझा?"

"गेलाय... येईल."

"बस चाकावर."

शेपटी बसली. सांगू, आता सांगू. आजीच्या त्या खुशीवर पाणी कसं ओतायचं हे तिला कळेना.

"मागं मोकळं?" आजीने विचारलं.

"मोकळं!" शेपटी ओरडली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा तिलाच कळलं नाही. चाक फिरायला लागलं होतं. आजी मागे सरकत होती, बोटांतून वाख सुटत होता, धागा सुंदर उतरत होता. शेपटीने ओरडून पाहिलं, "आजी, थांब!" पण चाकाच्या कुरकुरीत आधीच कमी ऐकणाऱ्या म्हातारीला काय ऐकू जाणार? तिला वाटलं नात काही गंमत करतेय; ती हसली आणि मान हलवली. तार जवळ आली. धावत जाऊन गाठण्याएवढा वेळ नव्हता. म्हणून शेपटीने एकच केलं, दोन्ही हातांनी चाक गच्च धरून थांबवलं.

दोर वळणाऱ्याच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते. चाक अवचित थांबलं की धागा सैल पडतो, सैल पडला की गुंतून जातो; म्हणून चालणारा विचार न करता मागे झुकतो आणि दोन पावलं झपकन मागे टाकून धागा ताणून धरतो. आजीने तेच केलं. जन्मभर केलं तसंच केलं. पाठ तारेवर गेली, काटे लुगड्यात अडकले, ती दचकून वळायला गेली आणि एका कुशीवर पडली. धागा मात्र तिने सोडला नव्हता. शेपटी पोचली तेव्हाही तो तिच्या मुठीत ताणलेलाच होता.

"काय आहे गं मागं?" तिने विचारलं. कळ अशी होती की ओठ पांढरे पडले होते.

"तार आहे, आजी."

"बरं," आजी म्हणाली. आणि मग, "रडू नको. आधी धागा सोडव, गुंतेल."

दवाखाना नदीपल्याड. नावेत तिला फळीवर निजवलं होतं. डोक्यावर जुना दोर कप्पीतून करकरत होता. ती एकटक वर बघत होती. "खरंच केसाळलाय रे," ती नावाड्याला म्हणाली. "मला वाटलं तू उगाच घाई करतोयस." नावाड्याने मान फिरवली आणि दोर ओढत राहिला. डॉक्टरांनी फोटो काढून बघितला. खुब्याचं हाड मोडलंय, या वयात भूल सोसायची नाही, घरी न्या, दुखलं तर ह्या गोळ्या. मग चष्मा काढून म्हणाले, "त्यांना आराम वाटेल असं बघा." कसं बघायचं ते काही ते बोलले नाहीत.

खाट पडवीला लागून असलेल्या खोलीत टाकली. दारातून चाक दिसायचं आणि वाटेचा उरलेला तुकडा. बाप शहरातून परत आला होता. मालक त्याला भेटलाच नव्हता, आणि भेटला तो दोन दिवसांनी आपणहून घरीच येऊन. दारात उभा राहून ढसाढसा रडला. "मी सांगितलं होतं त्यांना, दोर झाल्यावर या म्हणून. निरोप पुढे गेलाच नाही, आजी."

"लहानपणी तुझा गुडघा फुटला की माझ्याच दारात येऊन असा रडायचास," आजी म्हणाली. "बस. काही खाल्लंस का?"

शेपटी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेली. "मालक, तार काढा. दोर आता होणार नाही, पण तार तेवढी काढा."

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "पाया खणायला सुरुवात झालीय पलीकडे. विटा आल्यात. आता मी काय थांबवू? मला विचारतो कोण..." वाक्य अर्धंच टाकून तो गेला. शेपटीला त्याचा धड रागही करता येईना.

वरती पाऊस झाला. नदी गढूळ झाली. नावाडी आला तो दारातच घुटमळला.

"दोर लावलास?" आजीने विचारलं.

"लावला."

"कुणाचा?"

त्याने आपले दोन्ही तळहात पाठीमागे नेले. आजीने त्या लपवलेल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "कुणाचा का असेना, धरतोय ना? माणसं सुखरूप उतरली म्हणजे झालं. हाताला फडकं गुंडाळत जा."

त्यानंतर ती उतरत गेली. खाणं सुटलं. कुशीला जखमा झाल्या. कूस बदलताना ती ओरडायची नाही, पण तिच्या घशातून असा बारीक आवाज यायचा की बाप उठून बाहेर जायचा. गोळ्यांचा उपयोग होईना. शेजारच्या बाया, ज्यांच्या सासवांनी तिला पाण्यासाठी ताटकळत ठेवलं होतं, त्या आळीपाळीने येऊन पाय चेपून जायच्या. आता तिला माणसं ओळखू येत नव्हती. बोटं मात्र चालायची. गोधडीच्या कडेवर अंगठा आणि दोन बोटं, वाख सोडावा तशी, थांबायची नाहीत.

एका दुपारी तिने डोळे उघडले. समोर पायथ्याशी शेपटी बसलेली.

"मागं मोकळं?" तिने स्पष्ट विचारलं.

शेपटीची जीभ सवयीने उचलली होती. तिने ती दातांखाली धरली. एकदा तो शब्द बोलून तिने काय केलं होतं ते तिच्या समोर पडलं होतं. पुन्हा खोटं बोलायचं नाही, जीव गेला तरी नाही.

"नाही गं आजी," ती म्हणाली, तोंड तिच्या कानाशी नेऊन. "मोकळं नाही. तार आहे."

आजीने मान हलवली. "मग थांबते," म्हणाली, आणि डोळे मिटले.

आणि थांबली. डॉक्टर येऊन नाडी बघून गेले, म्हणाले आज नाही तर उद्या. उद्या झाला, परवा झाला. अंगात काही उरलं नव्हतं, पाणीसुद्धा गालातून बाहेर यायचं, आणि तरी श्वास चालूच. बाया दबक्या आवाजात बोलायला लागल्या, कशात अडकलाय हिचा जीव? मध्येच ती विचारायची, "मागं मोकळं?" शेपटी सांगायची, "नाही, आजी." ती कण्हून म्हणायची, "बरं, थांबते."

बापाने एकदा हे ऐकलं. तो दाराला टेकून उभा होता. "तू काय सांगतेस तिला?"

"खरं तेच सांगते, बाबा."

बाप खाली बसला. खोकला आला, तो त्याने तोंडावर पंचा दाबून जिरवला. "अगं, मी त्या खांबाला बांधलेलं पोर," तो म्हणाला. "ती आजपर्यंत कधी हाकेवाचून निघालेली नाही."

शेपटी उठली. पक्कड घेतली आणि भर उन्हात तारेशी गेली. खरंच मोकळं करायचं, मग सांगायचं. पक्कड बोथट, तार जाड. दातओठ खाऊन दाबलं तर पक्कड सटकली आणि काटा तळहातात शिरला. पुन्हा लावली. वरची ओळ कशीबशी तुटली, झटका देऊन मागे गेली. तिने मान वर करून पलीकडे बघितलं. वाट नव्हतीच तिथे. कमरेएवढा खड्डा, विटांचे ढीग, सळया. जुनं झाड तोडून आडवं पडलेलं, त्यावर गडी भाकरी सोडून बसलेले. ते तिच्याकडे बघत होते. तिच्या हातातून पक्कड गळून पडली. तार काय, सगळ्या गावाची तार तोडली असती तरी मोकळं होणार नव्हतं.

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. आजीचा आवाज पडवीत ऐकू आला. विचारणं आता शब्दांचं राहिलं नव्हतं, नुसता सूर होता. पण तो सूर या घरात कुणाला कळला नसता?

शेपटी आत गेली नाही. ती चाकावर बसली. आकडा रिकामा होता. तळहाताचं रक्त दांड्याला लागलं. तिने समोर वाटेकडे बघितलं, नीट, लहानपणी पहिल्यांदा बघायची तसं, तुटलेल्या तारेपर्यंत, खड्ड्यापर्यंत, विटांपर्यंत. आणि मग छाती भरून, म्हातारीला ऐकू जावं म्हणून सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यांदा ती ओरडली,

"मोकळं! आजी, मोकळं आहे! ये मागं!"

आणि चाक फिरवायला लागली. कुरकुर सुरू झाली. दारातून खाट दिसत होती. आजीचं तोंड इकडेच होतं. बोटं गोधडीवर चालत होती, भरभर, मग सावकाश. शेपटीने चाकाचा वेग तसाच ठेवला, कमी नाही, जास्त नाही, जसा तिला आजीनेच शिकवला होता. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पुसायला हात मोकळा नव्हता. थांबवायचं नाही. यावेळी चाक मध्येच थांबवायचं नाही. ती फिरवत राहिली, हात भरून आले, खांदे उतरले, पडवीत अंधारून आलं, तरी फिरवतच राहिली.

बाप खोलीतून बाहेर आला. त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"थांबव आता, पोरी," तो म्हणाला. "पोचली ती."